घेण्याआधी पारखा : वाफेची सिगारेट

मैत्रिणींनो, या सदरात आपण कुकर पारखले, मिक्सर पारखले, गाद्यासुद्धा दाबून पाहिल्या. आजची वस्तू बाजारातून आणायची नाही. पण ती आपल्या घरात कधी शिरेल याचा नेम नाही, म्हणून पारखायची.

गेल्या दिवाळीत माझे धाकटे दीर इंग्लंडहून आले. पहिल्याच संध्याकाळी गॅलरीत उभं राहून त्यांनी खिशातून काडेपेटीहून थोडी लांब अशी एक चपटी डबी काढली, तिचं टोक तोंडात धरून ओढलं आणि आंब्याचा वास सुटला. ऐन दिवाळीत आंबा! मला म्हणाले, "वहिनी, सिगारेट सोडून आठ महिने झाले. दादासाठीही एक आणलीय."

खरं सांगते, मी हरखलेच. आमच्या ह्यांची सिगारेट लग्नाच्या आधीपासूनची. शपथा झाल्या, अबोले झाले, मुलीने रडून पाहिलं. सुटणार असेल तर काहीही चालेल, अशा टोकाला मी आले होते. तरी म्हटलं, कोथिंबिरीची जुडीसुद्धा आपण उलटीसुलटी करून घेतो. मग ही का नको?

भावजींकडून नीट समजून घेतलं. डबीत खाली बॅटरी. मोबाइलच्या चार्जरवर चालते. वर प्लॅस्टिकची कुपी, तीत जेमतेम दोन मिलीलीटर, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याहून कमी अर्क मावतो. कुपीत एक बारीक तारेचं वेटोळं आणि कापसाची वात असते. आपल्या निरांजनाची वात तेल ओढते तशी ही अर्क ओढते. तार तापते आणि त्या अर्काची वाफ होते. संपलं की छोट्या बाटलीतून पुन्हा भरायचं. अर्क म्हणजे ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, वासाचं द्रव्य आणि निकोटिन. तंबाखूची सवय लावणारं निकोटिन ते हेच.

आता गुण आधी सांगते. यात काही जळत नाही. सिगारेटमध्ये माणसाला मारतो तो मुख्यतः धूर, त्यातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. ते इथे टळतं. म्हणूनच इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसांना सांगते, की सिगारेटपेक्षा याचा अपाय बराच कमी. पण त्याच दमात असंही सांगते, की हे निर्धोक नाही, आणि जो ओढत नाही त्याने, मुलांनी तर मुळीच, हात लावू नये.

आता दोष. एक : सिगारेट विझते, ही विझत नाही. भावजी गप्पा मारताना ओढत, टीव्ही पाहताना ओढत, मध्यरात्री पाणी प्यायला उठले तरी ओढत. सिगारेट सुटली खरी, निकोटिन कुठे सुटलं? दोन : तार जुनी झाली की करपट चव येते, कुपी बदलावी लागते, कधी अर्क पाझरून खिशाला लागतो. तीन : तो आंब्याचा वास. मोठ्या माणसाला आंबा कशाला हवा? त्या वासाने लागतात ती पोरं.

हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं. नणंदेचा तीन वर्षांचा लेक टेबलाखाली बसून काहीतरी चावत होता. पाहते तर ती अर्काची बाटली! बाहेर आंब्याचं चित्र. झाकण दाबून फिरवायचं होतं, म्हणून त्याच्या दातांना दाद दिली नाही. बाटलीवरचा मजकूर मी तेव्हा वाचला : दहा मिलीलीटर, दर मिलीलीटरमागे वीस मिलिग्रॅम निकोटिन. म्हणजे त्या चिमुकल्या बाटलीत दोनशे मिलिग्रॅम. एवढं विष लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. हे निकोटिन कातडीतूनही अंगात भिनतं. माझे हात किती तरी वेळ कापत होते.

ते झाकण, तो वीस मिलिग्रॅमचा आकडा, दोन मिलीलीटरची कुपी, हे सगळं तिथल्या कायद्याने ठरवून दिलेलं आहे. आपल्याकडे २०१९ साली या वस्तूवर सरसकट बंदी आली. बनवणं, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळं गुन्हा. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परदेशातून सोबत आणणंही यात आलंच. भावजींना हे ठाऊकच नव्हतं. बंदी असूनही चोरून मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण चोरून आलेल्या बाटलीत काय घातलंय, याचा जाब कुणाला विचारणार? २०१९ मध्येच अमेरिकेत अशी वाफ ओढून फुप्फुसं निकामी झालेले शेकडो रुग्ण इस्पितळात गेले. पुढे आकडा अडीच हजारांवर गेला आणि अडुसष्ट मेले. बऱ्याच जणांच्या बाबतीत कारण निघालं ते चोरट्या बाजारातल्या गांजाच्या अर्कात मिसळलेलं एक तेलकट द्रव्य. लेबलावर विश्वास ठेवला, दुसरं काय!

तेव्हा माझा निकाल असा : आपल्या घरात ही नको. भावजींना म्हटलं, "तुमचं तुम्ही तिथे डॉक्टरांना विचारून ठरवा, पण दादाची डबी न उघडता परत न्या."

हे मात्र वैतागले. "मग काय, सिगारेटच ओढू?" प्रश्न चुकीचा नव्हता. डबी नाकारून सिगारेट चालू ठेवणं म्हणजे आगीतून उठून पुन्हा आगीतच. म्हणून आपल्याकडचे सरळ मार्ग शोधले. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारी फुकट फोन आहे, १८००-११-२३५६. तिथे समुपदेशक बोलतात. औषधांच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगगम मिळतं. किती आणि कुठवर घ्यायचं ते आमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं. तीन महिने झाले. मध्ये दोनदा पाय घसरला, एकदा तर मला वासावरून कळलं. मी बोलले नाही, चहा ठेवला. पुन्हा सुरुवात केली.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. मुलाच्या दप्तरात पेन ड्राइव्ह किंवा जाड मार्करसारखी अनोळखी वस्तू दिसली, खोलीत फळांचा गोड वास रेंगाळला, तर आकांडतांडव करू नका. मूल मग लपवायला शिकतं. जवळ बसवून विचारा. आणि लहानग्याच्या पोटात अर्क गेल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. अंगाला लागला असेल तर पाण्याने धुवा, आणि बाटली हातात घेऊन तडक दवाखाना गाठा. बाटली पाहिली की डॉक्टरांचा वेळ वाचतो.