निरोपाचा एकाधिकार



७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आले. ज्याने स्टेटस ठेवले नाही, दगड उचलला नाही, त्याचाही व्यवहार अडला. भाव पाहायचा, पैसे पाठवायचे, बैठकीचा निरोप द्यायचा, सगळे त्या एकाच वाटेने.

दिल्लीच्या सीमेवर याहून मोठा धडा मिळाला होता. डिसेंबर २०२० मध्ये किसान एकता मोर्चाचे पान फेसबुकवरून उडाले; ओरड झाल्यावर काही तासांनी परत आले. जानेवारी २०२१ च्या अखेरीस सिंघू, टिकरी, गाझीपूरला सरकारने इंटरनेट तोडले. १ फेब्रुवारीला सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने सुमारे अडीचशे खाती रोखली, त्यात मोर्चाचे खाते होतेच. आंदोलन शेतकऱ्यांचे, पण त्याचा आवाज कंपनीच्या दावणीला आणि दाव्याचे टोक सरकारच्या हातात.

कापूसवाल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे आपण एकाधिकार खरेदी सोसली. गिऱ्हाईक एकच; कापूस राज्याबाहेर न्यायचा तर गुन्हा. आज निरोपाचे तेच झाले आहे. व्हॉट्सॲपला दाम मोजावे लागत नाहीत म्हणून ते फुकट वाटते. आत लिहिलेला मजकूर कंपनीला वाचता येत नाही, हे खरे. पण कोण कोणाशी बोलतो, कोणत्या गटात आहे, किती वाजता जागा असतो, ही माहिती तिच्या हाती येते. हा कच्चा माल आपलाच. त्याचा भाव कोणी विचारत नाही.

मग पर्याय काय? एक, सिग्नल. तो ना-नफा संस्था चालवते आणि कोण कोणाशी बोलले याची नोंद जवळजवळ ठेवत नाही. पण तोही एकाच संस्थेच्या सर्व्हरवर चालतो. दुसरा, २०१६ साली जर्मनीत सुरू झालेला मॅस्टोडॉन. त्याला एक मालक नाही. हजारो सर्व्हर वेगवेगळ्या लोकांचे, तरी एकमेकांशी बोलतात. जिओवाल्याचा फोन बीएसएनएलवाल्याला लागतो तसे. एका सर्व्हरचा कारभारी बिघडला तर आपले अनुयायी घेऊन दुसरीकडे जाता येते. जुना मजकूर मात्र मागे राहतो. २०१९ च्या नोव्हेंबरात ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर अनेक भारतीयांनी तिकडे धाव घेतली. बहुतेक परत आले, कारण माणसे जुन्याच ठिकाणी होती. एकाधिकाराची खरी ताकद हीच.

कोणी म्हणेल, हाही सहकारच की! नावाला सभासदांचा, कारभार चेअरमनचा. शंका रास्त आहे. सर्व्हरला पैसा लागतो, राखणदार लागतो, आणि खासगी संदेश त्या राखणदाराला पाहता येतो. म्हणून गुपिताची गोष्ट तिथे लिहू नये. फरक एवढाच, की इथे बाहेर पडायचे दार उघडे असते.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. इंटरनेटच तोडले तर यातले काहीही चालत नाही. आणि अफवेवर यात औषध नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. अशी अफवा कोणत्याही यंत्रावरून फिरू शकते. ती पुढे ढकलणारे बोट आपलेच असते.

व्हॉट्सॲप आजच सोडा, असे आम्ही म्हणत नाही. कोरडवाहू शेतकरी कपाशीत तुरीच्या ओळी घालतो, एक गेले तर दुसरे हाती राहावे म्हणून. संघटनेच्या निरोपालाही अशी दुसरी ओळ हवी. प्रत्येक तालुक्याने कार्यकर्त्यांचे नाव, गाव, फोन नंबर वहीत लिहून ठेवावेत. तालुका कार्यकारिणीने सिग्नलवर गट करावा. आणि इंटरनेट बंद पडले तर कोणी कोणाला साधा फोन करायचा आणि कोणत्या गावाला कोणी मोटारसायकलने जायचे, हे आधीच ठरवावे.

सरकारकडे मागणी एकच. २०११ पासून फोन नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. तशीच मोकळीक निरोपालाही द्या. युरोपने २०२२ च्या कायद्याने व्हॉट्सॲपसारख्या बड्या कंपन्यांना दुसऱ्या सेवांसाठी दार उघडायला सांगितले आहे. तिथे जमते ते इथे का जमू नये? या जिल्हा बैठकीत तसा ठराव मांडावा आणि वह्यांचे काम कोणत्या तालुक्यात कोण करणार, त्यांची नावे बैठक उठण्यापूर्वी लिहून घ्यावीत.