विश्लेषण : मेल डिलीट करूनही सर्व्हरवर जागा का होत नाही? ‘ऑफलाइन डीफ्रॅग’ किती सुरक्षित?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्ट थांबवला. स्वतःच्या सर्व्हरवर मेल ठेवणाऱ्या संस्थांना त्यामुळे नवी आवृत्ती किंवा क्लाउड निवडावं लागतंय. अशा वेळी आयटी विभागात एक जुना उपाय हमखास सुचवला जातो : आधी डेटाबेस ‘डीफ्रॅग’ करून लहान करू, बाकीचं नंतर. पण याची खरंच गरज आहे का?

जागा जाते कुठे?

एक्स्चेंजमध्ये अनेकांचे मेलबॉक्स मिळून एक मोठी ‘ईडीबी’ फाइल असते. मेल कायमचे डिलीट झाले की या फाइलच्या आत जागा रिकामी होते, पण फाइल तेवढीच राहते. वहीतला मजकूर खोडला म्हणून वही पातळ होत नाही, तसंच हे. मात्र ही जागा वाया जात नाही. नवे मेल तिथेच बसतात.

ऑफलाइन डीफ्रॅगमध्ये काय होतं?

‘ईएसईयूटिल’ हे टूल कामाचा डेटा नव्या फाइलमध्ये उतरवतं आणि ती जुन्या फाइलच्या जागी ठेवतं. तोपर्यंत डेटाबेस बंद असतो, म्हणजे त्यातल्या कुणालाच मेल उघडता येत नाही. मोठ्या डेटाबेसला कित्येक तास लागतात. गंमत म्हणजे जागा वाचवण्याच्या या कामालाच नव्या डेटाबेसच्या सुमारे ११० टक्के मोकळी जागा लागते.

करायचंच असेल तर काय पाहावं?

• आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो रिस्टोअर होतो का, हे तपासा.
• डेटाबेस ‘क्लीन शटडाउन’ स्थितीत आहे ना, याची खात्री करा.
• काम अर्ध्यावर थांबवू नका. वीज जाणार नाही, याची सोय ठेवा.
• डीफ्रॅग आणि ‘रिपेअर’ यांत गल्लत करू नका. रिपेअर खराब झालेला डेटा काढून टाकतं, म्हणजे मेल कायमचे जाऊ शकतात.
• काम संपताच पुन्हा पूर्ण बॅकअप घ्या. डीफ्रॅगनंतर डेटाबेसची अंतर्गत ओळख बदलते, त्यामुळे जुन्या बॅकअपवर नंतरच्या लॉग फाइल चढवता येत नाहीत. ही पायरी चुकली आणि डिस्क बिघडली, तर मधले मेल परत मिळत नाहीत.

मग सोपा मार्ग कोणता?

नवा डेटाबेस तयार करून मेलबॉक्स तिकडे हलवणं. रिकामी जागा मागेच राहते आणि हलवाहलव सुरू असताना लोकांचं काम जवळपास अखंड चालतं. सगळे मेलबॉक्स, सिस्टिमचे धरून, नीट हलले आणि बॅकअप झाला की मगच जुना डेटाबेस काढायचा.

२०१६ आवृत्ती वापरणाऱ्यांना तर नव्या सर्व्हरवर मेलबॉक्स हलवावेच लागतात. त्यांनी आधी डीफ्रॅग करणं म्हणजे घर सोडताना रंगकाम काढणं. २०१९ ची ताजी अपडेट असलेला सर्व्हर जागेवरच ‘सबस्क्रिप्शन एडिशन’मध्ये बदलता येतो. तिथे डेटाबेस तोच राहतो, म्हणून मोह अधिक. पण जागेची फारच निकड नसेल, तर आतली रिकामी जागा तशीच राहू देण्यात काहीच नुकसान नाही. सपोर्ट संपलेला सर्व्हर तसाच चालू ठेवणं हा मात्र खरा धोका आहे.