आबांची दुनळी आणि कागदांची पिशवी

बरेच दिवसांनी लिहितोय. मधे घरात एक विषय चालू होता आणि तो संपल्याशिवाय त्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता संपलाय, निदान आमच्यापुरता तरी. घरची मंडळीही हे वाचतात, तेव्हा आधीच सांगतो, कुणाला दुखवायचा हेतू नाही.

विषय बंदुकीचा. आमच्या आबांची बारा बोअरची दुनळी होती. आबा म्हणजे आजोबा. चाकणला तेव्हा कंपन्या नव्हत्या, कांद्याचा बाजार होता आणि भामा नदीच्या अंगाला ज्वारी-भुईमुगाची रानं होती. रात्री रानडुकरं यायची म्हणून आबांनी परवाना काढला. आबांनंतर तो तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, स्वतःच्या नावावर करून घेतला. तात्या गेले आणि प्रश्न उभा राहिला, आता बंदुकीचं काय?

बऱ्याच जणांना वाटतं की बंदूक म्हणजे घड्याळ किंवा अंगठीसारखी वडिलांकडून मुलाकडे येते. तसं नाही. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. माणूस गेला की बंदूक घरात ठेवणं बेकायदेशीर होतं. विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसाने नवा अर्ज करायचा. आम्ही दहाव्या-तेराव्याच्या गडबडीतच ती विक्रेत्याकडे ठेवून आलो. तिथे ठेवण्याचं भाडं लागतं हे तेव्हा कळलं. पहिला छुपा खर्च!

माझा दादा ट्रान्सपोर्टचा धंदा करतो. ३० जुलै २०१८ ला चाकणमध्ये आंदोलन पेटलं, बस आणि गाड्या जळाल्या, त्या दिवशी दादा तळेगाव चौकाजवळ अडकला होता. तेव्हापासून त्याच्या मनात एक भीती बसली आहे. ती खोटी नाही. रात्री-अपरात्री रोकड घेऊन येणारा माणूस आहे तो. त्यामुळे तात्यांनंतर तो म्हणाला, "दुनळी माझ्या नावावर करू, आणि शिवाय एक छोटं पिस्तूल घेऊ. लांब नळीची बंदूक गाडीत काय कामाची?"

मी हिशोबी माणूस. म्हटलं, आधी खर्च मांडू.

हत्याराची किंमत सगळ्यांनाच दिसते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्वर काढलं, तेव्हाच त्याची किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात होती. सर्वसामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करायला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंदी आहे, त्यामुळे त्याआधी आलेली जुनी विलायती पिस्तुलं हातोहात फिरतात आणि त्यांना लाखांत भाव येतो. परवान्याची सरकारी फी या सगळ्यापुढे किरकोळ. पण खरा खर्च यानंतर सुरू होतो.

दादाची कागदांची पिशवी मी स्वतः पाहिली आहे. अर्ज, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, आयकराची विवरणपत्रं, तात्यांचा मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची (म्हणजे आई, मी आणि ताई) हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं. २०१६ च्या शस्त्र नियमांनी त्यात भर घातली ती शारीरिक आणि मानसिक आरोग्याच्या दाखल्याची, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची, आणि घरी ते सुरक्षित कुलूपबंद ठेवीन अशा हमीची. म्हणजे तिजोरी आली, भिंतीत बसवणारा गवंडीही आला. मग पोलिसांची चौकशी. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणा, गुन्हा दाखल आहे का, भावकीत वाद आहे का. प्रत्येक परवान्याला आता देशाच्या यादीतला एक क्रमांक असतो, त्याची नोंद वेगळी.

त्यात आमचं आणखी एक त्रांगडं. आबांचा आणि तात्यांचा परवाना पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण त्यात गेलं, म्हणजे आता परवाना देणारे आयुक्त. जुनी फाईल एका दारी, नवा अर्ज दुसऱ्या दारी. दादाच्या चिंचवडच्या आणि पुण्याच्या किती खेपा झाल्या हे वहिनी बोटांवर मोजून सांगते. धंद्याचा एक दिवस बुडाला की काय बुडतं हे धंदेवाल्यांनाच विचारा.

बरं, परवाना मिळाला की संपलं? नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत तीनची पाच वर्षं झाली, पण पाच वर्षांनी पुन्हा नूतनीकरण आहेच. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे दुनळी आणि पिस्तूल मिळून दादाचा कोटा संपला. काडतुसं किती घ्यायची याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली. निवडणूक लागली की कुणाकुणाची हत्यारं जमा करायची हे समिती ठरवते, आणि नाव आलं की निकालापर्यंत हत्यार ठाण्यात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा सहा महिन्यांच्या अंतराने झाल्या. ज्या काळात गावात सगळ्यात जास्त तणाव असतो, नेमकं त्याच काळात तुमचं हत्यार तुमच्याजवळ नसतं. लग्नात आनंदाने हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याच सुमारास एका लग्नात एक पाहुणे दादाला म्हणाले, "पिस्तुलाच्या नादी कशाला लागतोस? दुनळीचीच नळी कापून घे की फूटभर. सीटखाली बसेल. देतो माणूस."

सगळे हसले. मी घरी येऊन शस्त्र कायदा उघडला. १९५९ च्या या कायद्याचं कलम ६ खास याच गोष्टीसाठी आहे. परवान्याशिवाय बंदुकीची नळी कापून आखूड करायची नाही. आणि केली तर? २०१९ नंतर त्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. लोखंड कापायच्या करवतीने दहा मिनिटांत होणारं काम! दादाला वाचून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याचा विचारही नव्हता म्हणा, पण हसण्यावारी गेलेली गोष्ट किती महाग पडू शकते ते दोघांनाही कळलं.

आखूड नळीचंच एवढं काय, हा प्रश्न मला पडला. उत्तर अमेरिकेतल्या चुलतभावाने फोनवर दिलं. तिकडे बंदुका किराणा मालासारख्या मिळतात असा आपला समज. पण सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल घ्यायची तर तिकडेही १९३४ पासून वेगळा कायदा आहे. फॉर्म, फोटो, बोटांचे ठसे आणि मंजुरीची वाट. शिवाय दोनशे डॉलर कर. १९३४ साली दोनशे डॉलर म्हणजे कित्येक बंदुकांच्या किमतीहून जास्त रक्कम, आणि ती पुढे नव्वद वर्षं तशीच राहिली. १ जानेवारी २०२६ पासून या रायफलींवरचा तो कर शून्य झाला. पण फॉर्म, फोटो आणि ठसे राहिले. कारण तिकडेही तेच, लांब बंदूक खांद्यावर दिसते आणि आखूड कोटाखाली लपते. लपणाऱ्या हत्याराला जास्त कागद. मला हे पटलं.

आता माझं मत सांगतो. दादाशी यावरून वाद झालेत, तेव्हा ते नवीन नाही. हे कागद कमी करू नयेत असं मला वाटतं.

कारण सांगायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. (काका, तुम्ही हे वाचत असाल तर रागावू नका, तुम्हीच ही गोष्ट हसत हसत सांगता.) मी सहावीत असताना बांधावरून तात्यांचा आणि काकांचा वाद झाला. तात्या रागाने लाल होऊन घरात आले, कपाट उघडलं आणि दुनळी काढली. आजी काही बोलली नाही. उंबऱ्यात जाऊन बसली, पाय पसरून. तात्यांना आईला ओलांडून जाता येईना. पंधरा मिनिटं गेली असतील. मग त्यांनी बंदूक परत ठेवली आणि मागच्या दाराने विहिरीवर निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून काडतुसं आजीच्या ट्रंकेत आणि किल्ली तिच्या कनवटीला.

राग पंधरा मिनिटांचा असतो. आमच्या घरी त्या पंधरा मिनिटांत आजी आडवी बसली होती. प्रत्येक घरात अशी आजी नसते, म्हणून हे कागद हवेत. ते वेळ काढतात, आणि वेळच काढायला हवा. चाकणमध्ये तर जास्तच, कारण इथे जमिनीला सोन्याचा भाव आला आणि भावकीतले वाद त्याबरोबर वाढले. पलीकडच्या मुळशीत जमिनीच्या वादात पिस्तूल रोखल्याचा व्हिडिओ जुलै २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिला. ते परवान्याचंच हत्यार होतं.

पण माझी तक्रारही आहे. हे कागद सगळ्यांना सारखे नाहीत. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं डिसेंबर २०२४ च्या सरपंच हत्येनंतर सगळ्यांना कळलं आणि मग रद्द करण्याची घाई झाली. दिले तेव्हा चौकशी कुठे गेली होती? कायदा म्हणतो की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे कायद्याला श्रीमंती नको आहे. पण प्रत्यक्षात खेपा घालायला वेळ लागतो, बुडालेले दिवस सोसायला पैसा लागतो, आणि वट असली तर दोन्ही लागत नाही. पोलिसांच्या अहवालाला आणि निर्णयाला नियमात मुदत आहे. ती पाळावी, नाही म्हणायचं तर वेळेत आणि कारण देऊन म्हणावं. कडक असायला हरकत नाही. पण दाराबाहेर ताटकळत ठेवणं म्हणजे कडकपणा नव्हे, त्यात फक्त एजंटांचं फावतं.

दादा म्हणतो, "तुला बोलायला काय जातंय? तू रात्री दोन वाजता रोकड घेऊन येत नाहीस." हे खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघांनी बसून दुसरा हिशोब केला. तिजोरी, प्रशिक्षण, भाडं, खेपा आणि हत्याराची किंमत मिळून जी रक्कम होत होती, त्यात ऑफिसला कॅमेरे लागले, रात्रीसाठी एक माणूस ठेवला आणि बहुतेक गिऱ्हाइकांकडून रोकड बंद करून बँकेत पैसे घ्यायला सुरुवात झाली. दादाची भीती पूर्ण गेली असं नाही. कमी झाली, एवढं तो मान्य करतो.

राहिली दुनळी. तिचा निर्णय आईने केला. प्रतिज्ञापत्रावर सही करायला कागद पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "डुकरं यायची ते रान आता राहिलं का? तिथं गोडाऊन झालंय. आता ती आणून कुणावर धरायची?"

दादाने कागद पिशवीत परत घातला. मागच्या महिन्यात रीतसर परवानगी घेऊन दुनळी त्याच विक्रेत्याला विकली. मिळालेल्या पैशात आत्तापर्यंतचं भाडंही जेमतेम निघालं. आबांच्या हाताचा घाम मुरलेला तिचा लाकडी दस्ता शेवटचा हातात घेतला तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दादा तर गाडीत बसेपर्यंत बोललाच नाही.

आजीची ट्रंक आहे अजून. तिच्यात आता दादाच्या कागदांची पिशवी ठेवली आहे. फेकवत नाही.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी जुनी बंदूक असेल आणि परवानाधारक वयस्कर असतील, तर आत्ताच बसून बोला. नंतर दुःखही असतं आणि धावपळही. आणि माझं म्हणणं पटत नसेल तर तेही जरूर लिहा. दादा वाचणार आहे. :-)