जंतूंच्या घरचा पाहुणा व आपलें कर्तव्य

सूक्ष्मजंतूंचा धडा चालला असतां एखादा चौकस विद्यार्थी आम्हांस हटकून विचारतो, "गुरुजी, जंतूंनाहि रोग होतो काय?" होतो. जंतूंवर उपजीविका करणारे विषाणु आहेत. त्यांपैकीं कांहीं जंतूच्या शरीरांत शिरून तेथें आपल्यासारखे अनेक विषाणु निर्माण करवितात आणि अखेर जंतूस फोडून बाहेर पडतात. परंतु दुसरे कांहीं सौम्य प्रकृतीचे असतात. ते आपली आनुवंशिक सामग्री बहुधा जंतूच्याच सामग्रींत सांधून मुकाट्यानें राहतात. एका जंतूचे दोन झाले, दोहोंचे चार झाले, कीं प्रत्येकाच्या वाट्यास हा पाहुणा येतोच. त्याचेंच एक प्रथिन पहारेकऱ्याप्रमाणें त्याची संहारक शक्ति दाबून ठेवतें.

हें म्हणणें पुष्कळ विद्वानांस पटेना. तेव्हां पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत आंद्रे ल्वॉफ यांनीं एकच जंतु वेगळा काढून त्याच्या एकोणीस पिढ्या वाढविल्या. भोंवतालच्या द्रवांत मोकळा विषाणु आढळला नाहीं. तरी विषाणु निर्माण करण्याची शक्ति वंशजांत कायम होती. पुढें १९५० सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, अशा जंतूंवर अतिनील किरण पाडले असतां निजलेला विषाणु जागा होतो व जंतु फुटतात. ल्वॉफ यांस १९६५ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

आतां पालकांनीं लक्ष द्यावें अशी गोष्ट सांगतों. घटसर्पाचे सर्वच जंतु विषारी नसतात. १९५१ सालीं अमेरिकेंत व्हिक्टर फ्रीमन यांनीं निर्विष जंतूंस विषाणूंचा संसर्ग घडविला, तेव्हां वांचलेल्यांत विष निर्माण करणारे जंतु मिळाले. म्हणजे घशावर घातक पडदा आणणाऱ्या आणि हृदय व मज्जातंतूंस इजा करणाऱ्या त्या विषाची कृति जंतूची स्वतःची नव्हे, ती पाहुण्यानें आणलेली आहे!

"आमचा मुलगा धडधाकट आहे, आणि घटसर्प आतां राहिला आहे कोठें?" असें म्हणून पुढील मात्रा टाळणारे पालक आम्हांस भेटतात. सुई टोंचल्यावर दंड दुखतो, क्वचित् ताप येतो, हें खरें. तरीहि त्यांचें मत आम्हांस चुकीचें वाटतें. घटसर्पाची लस म्हणजे निरुपद्रवी केलेलें तेंच विष होय. ती शरीरास विषाशीं झगडण्यास शिकविते; घशांतील जंतूचा वावर तिनें पुरता थांबतोच असें नाहीं. म्हणून शेजारच्या मुलांनीं लस घेतली एवढ्यानें आपलें मूल सुरक्षित झालें, असें समजूं नये. शिवाय बाळपणीं मिळालेलें संरक्षण वर्षानुवर्षें क्षीण होत जातें. याकरितांच आपल्या देशांत दहाव्या व सोळाव्या वर्षीं धनुर्वात व घटसर्प यांची जोडलस देण्याची योजना आहे.

हीं दोन्ही वर्षें शाळेच्याच वयांत येतात. तेव्हां आमची नम्र सूचना अशी कीं, शाळेंत नांव घालतांना जन्माचा दाखला जसा पाहिला जातो, तसेंच लसीचें कार्डहि पाहिलें जावें. मात्र कार्ड नाहीं म्हणून कोणास परत न पाठवितां त्यास जवळच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवावी.

विद्यार्थिमित्रांनो, निजलेला पाहुणा डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तो नाहींच असें ल्वॉफ यांनीं मानिलें नाहीं. तुम्हीहि तसें मानूं नका. आज घरीं गेल्यावर आईस एवढेंच विचारा, "माझी दहाव्या वर्षाची लस झाली आहे ना?" उत्तर मिळेपर्यंत मात्र विचारणें सोडूं नका.