आधी काटा, मग उडी



खताच्या मात्रेचे आणि किडीच्या बंदोबस्ताचे प्रश्न नेहमीच येतात. या खेपेस कर्जत तालुक्यातल्या एका वाचकाने वेगळाच प्रश्न धाडला आहे. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा म्हणतो, "आबा, तुम्हाला विमानातून हवाई छत्रीने उडी मारायला नेतो." आबांचे वजन १२८ किलो. घरातले हसतात, पण आबांच्या मनात जायचे आहे. ते विचारतात, "एवढ्या जड माणसाने उडी मारावी का?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण यात दोन माणसांचा जीव असतो.

हा खेळ आता आपल्याला परका राहिलेला नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली दक्षिण ध्रुवावर छत्रीने उडी घेतली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी नेसून १३ हजार फुटांवरून उडी मारली. पण नऊवारीवर छत्रीचा पट्टा होता, डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, पायांत बूट होते. नेसण आपल्या आवडीची, साधनात मात्र तडजोड नाही.

आता वजनाचे पाहू. खळ्यावर ज्वारी उपणताना भुसा लांब उडतो आणि दाणा पायाशी पडतो. वारा दोघांनाही तोच. दाणा आकाराच्या मानाने जड, म्हणून वारा त्याला अडवू शकत नाही. माणसाचेही तसेच आहे. छत्री उघडण्याआधी पोटावर पडणारा माणूस ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येतो. नवख्या माणसाला एकटे सोडत नाहीत. त्याला प्रशिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी जखडतात. दोघांचे वजन एकत्र झाले की वेग फार वाढतो, म्हणून आधी एक लहान छत्री मागे सोडून तो आवरतात. मग पाच हजार फुटांच्या आसपास मोठी छत्री उघडते.

खरी परीक्षा जमिनीवर टेकताना होते. त्याच छत्रीखाली वजन दीडपट केले, तर उतरण्याचा वेग साधारण सव्वापट होतो, आणि जमिनीवर जिरवावा लागणारा जोर सव्वादोनपट. हा जोर घोटे, गुडघे आणि कंबर यांनाच सोसावा लागतो.

म्हणून हिशेब आधी करावा. जोडीने उडी मारण्याच्या काही प्रचलित छत्र्यांची कमाल मर्यादा ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो असते. त्यात पाहुणा, प्रशिक्षक आणि सगळे सामान आले. प्रशिक्षक ८० किलोचा धरा, सामान २५ किलोचे धरा. १०५ किलो तिथेच गेले, उरले १२२. आबांचे १२८ त्यात बसत नाहीत. शिवाय शहाणा गाडीवान आस मोडेपर्यंत गाडी भरत नाही. तसे पुष्कळ केंद्रे शंभर किलोच्या आसपासच थांबतात. काही ठिकाणी थोडे जास्त चालते. ते त्यांच्या छत्रीवर, प्रशिक्षकाच्या वजनावर आणि त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरते.

म्हणजे जड वस्तूला आकाश बंद आहे असे नाही. लष्कर तर जीपगाड्यासुद्धा छत्रीने उतरवते. पण त्यांना त्यांच्या वजनाजोग्या मोठ्या छत्र्या, तेही एकापेक्षा जास्त बांधतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वडीलधारी सांगत आले, ते इथेही लागू आहे.

कोणालाही जायचे असेल, तर एवढे करावे.

पहिले, अंदाजाने वजन सांगू नये. अंगावरच्या कपड्यांसह काट्यावर उभे राहावे आणि जो आकडा येईल तोच कळवावा. आपल्या मालाला कोणी काटा मारला, तर आपण बाजारात भांडतो. मग स्वतःच्या वजनात दहा किलोंचा काटा मारून प्रशिक्षकाला का फसवावे? तो आपल्याच पट्ट्याला बांधलेला असतो, आणि त्यालाही घरी लेकरेबाळे आहेत.

दुसरे, पट्टा मांड्यांवर, खांद्यांवर आणि छातीवर नीट बसला पाहिजे. पोटामुळे बकल पुरत नसेल, तर ओढूनताणून लावू देऊ नये. तिथूनच परत फिरावे. पैसे गेले तरी चालतील.

तिसरे, टेकताना दोन्ही पाय पुढे उचलून धरावे लागतात. घरी खाटेच्या कडेला बसून दोन्ही पाय सरळ उचला आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरा. जमत नसेल, तर अंग अजून तयार नाही असे समजा.

चौथे, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, गुडघेदुखी किंवा कंबरेचे जुने दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि केंद्रालाही सांगा. लपवू नका.

आबा, तुम्हाला आमचे सांगणे असे की, आज जाऊ नका, पण बेतही मोडू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने महिन्याला दोन-तीन किलो उतरवा. उपासतापास नकोत. भाकरी, भाजी, डाळ, ताक वेळेवर घ्या, गोडाला आवर घाला, आणि मोटारसायकलवरून बांधाला जाता ते पायी जा. वर्षभरात शंभरीच्या जवळ आलात, तर केंद्राला खरा आकडा सांगून विचारा. त्यांनी तेव्हाही नाही म्हटले, तरी उतरलेले वजन वाया जाणार नाही. त्याचा फायदा तुमच्या गुडघ्यांना आणि काळजाला रोजच मिळेल.