पोराला आधी आत येऊ द्या

वाचायला शिकवणारं सॉफ्टवेअर पहिल्याच स्क्रीनवर मुलाला वाचायला लावतं. शिक्षणाच्या धंद्यात यापेक्षा मोठा मूर्खपणा मी पाहिलेला नाही, आणि हा मूर्खपणा मला रोज पाहावा लागतो. ‘राज्य निवडा’, ‘इयत्ता निवडा’, ‘पुढे जाण्यासाठी अटी मान्य करा’. हे कुणाला उद्देशून लिहिलंय? ज्या पोराला अजून ‘क’ आणि ‘फ’ वेगळे ओळखता येत नाहीत, त्याला? आणि त्याला ते वाचता आलं असतं तर तो तुमच्याकडे आलाच कशाला असता?

मी तेलंगणातल्या निर्मलला राहतो. संध्याकाळी गल्लीतली मुलं माझ्याकडे येतात, एक जुना टॅब आहे, त्यावर आळीपाळीनं काहीबाही करतात. परवा त्यावर एक नवं अ‍ॅप टाकलं. मराठीत अक्षरं आणि अंक शिकवणारं, जाहिरातीत फार नावाजलेलं. पहिलीतल्या एका मुलीच्या हातात टॅब दिला आणि शेजारी गप्प बसलो. आधी कंपनीचं बोधचिन्ह गरगर फिरत आलं, त्यावर चांदण्या पडल्या, संगीत वाजलं. मग दप्तर अडकवलेला एक पोपट आला आणि पंख फडफडवू लागला. पोरीनं लगेच पोपटावर बोट ठेवलं. काही झालं नाही. चोच दाबून पाहिली, दप्तर दाबून पाहिलं. काहीच नाही, कारण पोपट नुसता शोभेचा होता. खरं बटण खाली होतं, फिकट करड्या रंगाचं, बारीक अक्षरात ‘पुढे’ लिहिलेलं. ते तिला दिसलंच नाही. टॅब सावरताना मनगट खालच्या पट्टीला लागलं आणि समोर एक तक्ता उघडला: महिन्याचे इतके, वर्षाचे इतके, जुन्या किमतीवर लाल काट. पोरगी माझ्याकडे वळली. “काका, हे काय म्हणायलंय?”

ते तुझ्या बापाकडे पैसे मागायलंय, हे मी सहा वर्षांच्या लेकराला कोणत्या तोंडानं सांगू?

त्या पोरीचं काहीही चुकलं नव्हतं. जे हलतंय ते दाबून बघावं, हे त्या वयाचं शहाणपण आहे आणि शिकणं तिथूनच सुरू होतं. मुलांच्या पहिल्या स्क्रीनवर जे हलतं ते दाबता आलं पाहिजे. जे दाबता येत नाही ते हलता कामा नये. मनगटाचंही तसंच. ‘सेसमी स्ट्रीट’ ही मुलांची मालिका करणाऱ्या सेसमी वर्कशॉपनं 2012 साली टॅबलेटवरच्या खेळांसाठी एक मार्गदर्शिका काढली होती. त्यात स्पष्ट सांगितलंय की लहान मुलं मनगट स्क्रीनच्या खालच्या कडेवर टेकवतात, म्हणून तिथे बटणं ठेवू नका. इतक्या वर्षांनंतरही पैशाचा तक्ता नेमका त्याच कडेला येतो. ज्यानं तो तिथे ठेवला त्यानं एक तर कधी लहान मूल टॅब हाताळताना पाहिलेलं नाही, किंवा अगदी नीट पाहिलेलं आहे. दुसरी शक्यता खरी असेल तर ती लबाडी आहे.

तक्ता बंद केला तर फॉर्म उघडला. राज्य: तेलंगणा. तेलंगणा म्हटल्याबरोबर भाषांच्या यादीतून मराठी गायब. जिल्ह्यांच्या यादीत आदिलाबाद होतं, निर्मल नव्हतं. वास्तविक 11 ऑक्टोबर 2016 पासून निर्मल हा स्वतंत्र जिल्हा आहे. मग काय करायचं? महाराष्ट्र निवडायचं, जिल्हा नांदेड टाकायचा, की मराठी परत येते. इकडे सगळे तसंच करतात. म्हणजे शाळेची पायरी चढण्याआधी मुलानं आपण कुठले, हे खोटं सांगायचं. ही तुमची पहिली शिकवण.

बेंगळुरूत किंवा पुण्यात बसून यादी करणाऱ्याला इथली हकीकत ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुभीर ही मंडळं आंध्र प्रदेशात टाकली गेली. उलट आदिलाबादमधले किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्याला मिळाले. रेघ सरकली, माणसं जिथल्या तिथेच राहिली. मुधोळ, भैंसा, कुभीर, तानूर या पट्ट्यात आजही घरात मराठी बोलली जाते, सोयरिका धर्माबाद-नांदेडकडे होतात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत आणि त्यांची मराठी पुस्तकं तेलंगणा सरकारच छापतं. सरकारी कारभारात जे मान्य आहे, ते तुमच्या यादीत बसत नाही. बेळगाव, निपाणी, बिदर, बुऱ्हाणपूर, बडोदा, इंदूर, सगळीकडच्या मराठी घरांवर हीच पाळी. राज्यावरून भाषा ठरवणं हा निव्वळ आळस आहे.

आणि मुळात जिल्हा हवाय कशाला? दोन आंबे आणि तीन आंबे मिळून किती, हे निर्मलला वेगळं असतं का?

भाषा विचारायचीच असेल तर कानाला विचारा. स्क्रीनवर चार मोठी गोल चित्रं ठेवा, बोट लावलं की एक आवाज येऊ दे: चल, मराठीत खेळू. दुसऱ्यावर तेच तेलुगूत, तिसऱ्यावर उर्दूत, चौथ्यावर हिंदीत. वाचता न येणारं मूलही आपल्या आईची बोली एका वाक्यात ओळखतं. शिवाय ही निवड जन्माची नको. इथलं मूल घरी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दखनी बोलतं. त्याला आकडे तेलुगूत जवळचे वाटतील आणि गोष्ट मराठीत. एका मुलाला एकच भाषा, हे गृहीत कचेरीतल्या रकान्यांचं आहे. घरात तसं काही नसतं. म्हणून भाषा बदलायचं चित्र प्रत्येक स्क्रीनवर, एकाच जागी, कायम असलं पाहिजे. हे अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये. गूगलनं 2019 साली ‘बोलो’ नावाचं वाचनाचं अ‍ॅप भारतात आणलं, पुढे त्याचं ‘रीड अलाँग’ झालं, त्यात मराठी आणि तेलुगू दोन्ही आल्या. त्यातली दिया नावाची सोबतीण मुलाशी बोलायची, त्याचं वाचन ऐकायची, आणि हे खातं न उघडताही चालायचं.

फॉर्मनंतर ओटीपी. तो गेला पोरीच्या वडिलांच्या फोनवर. मी फोन लावला. कापसाच्या बाजारात गलका, त्यातून ते ओरडून म्हणाले, “मी भैंशाला हाव सर, रातच्याला सांगतो.” रात्री पोरगी झोपलेली असणार. त्या संध्याकाळी तिनं एकही अक्षर पाहिलं नाही. पाहिलं ते बोधचिन्ह, किंमत, फॉर्म आणि सहा रिकामे चौकोन.

यावर कायद्याची ढाल पुढे केली जाते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्या. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवू नका, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नका. उत्तम कायदा आहे. पण तो माहिती घेणाऱ्याला लागू होतो. तुम्ही माहिती घेऊच नका! आंबा रंगवायला मोबाइल नंबर लागत नाही. मुलानं कुठवर मजल मारली, ते त्याच टॅबमध्ये साठवा, बाहेर पाठवू नका. मग संमती नको, ओटीपी नको, काही नको. कायद्यानं सांगितलंय म्हणून नंबर घेतो, असं म्हणणारा खोटं बोलतो. नंबर त्याला आधीपासून हवा असतो, कारण उद्यापासून त्याचा विक्रेता बापाला फोन करणार असतो.

आमच्या जिल्ह्यात बासर आहे. गोदाकाठी सरस्वतीचं देऊळ. नांदेड, धर्माबाद, निजामाबाद, पार हैदराबादहून आईबाप लेकरांना अक्षराभ्यासासाठी तिथे आणतात. वसंत पंचमीला तर पाय ठेवायला जागा नसते. तिथेही तिकीट आहे, रांग आहे, गर्दी आहे, कटकट आहे. पण तिकीट बाप काढतो, रांगेत आई उभी राहते. मुलाच्या वाट्याला काय येतं? मांडी, पाटी, खडू आणि त्याचा हात धरून अक्षर गिरवणारा एक हात. तिकीट कितीचं, हे त्याला आयुष्यात कळत नाही. मोठ्यांचा व्यवहार मोठ्यांच्या खिडकीवर उरकतो आणि मुलाच्या पुढ्यात सरळ अक्षर येतं. अडाणी खेडूत म्हणून ज्यांना तुम्ही हिणवता, त्यांना ही रीत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

पैसे घ्या, जरूर घ्या. चांगलं सॉफ्टवेअर फुकट बनत नाही. पण पैशाचा, परवानगीचा, खात्याचा सगळा कारभार वरच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या कुलपामागे ठेवा, जे तीन सेकंद दाबून धरल्याशिवाय उघडणार नाही. तिथे पालक जाईल. पोराला तिथे काही काम नाही.

हे सगळं मी स्वप्नात पाहिलेलं नाही. बिल केंड्रिकनं 2002 साली ‘टक्स पेंट’ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर केलं, फुकट, आजही मिळतं. ते उघडलं की समोर कागद. डावीकडे ब्रशासारखी साधनं, खाली रंग. दुसऱ्या दिवशी उघडलं तर कालचं चित्र तसंच समोर. जपून ठेवताना फाइलला नाव विचारत नाही. जुनी चित्रं छोट्या चित्रांतूनच निवडायची. माझ्याकडच्या पोरांना ते दाखवून द्यावं लागलं नाही. कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 2007 साली हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. भारतातला ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेचा तो पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपवर ‘शुगर’ नावाची मांडणी होती. पहिल्यांदा सुरू करताना ती दोनच गोष्टी विचारायची: तुझं नाव आणि तुझे आवडते रंग. मग मधोमध त्या रंगांतला माणूस, त्याच्याभोवती गोलात करण्याजोगी कामं. ती योजना पुढे का रखडली, हा वाद निराळा आहे आणि तो जरूर घालावा. पण त्या पहिल्या स्क्रीनवर मूल मध्यभागी होतं. तुमच्या स्क्रीनवर मध्यभागी तुमचं बोधचिन्ह आहे.

सरकारी अ‍ॅपांचं तर विचारूच नका. पाच खात्यांची पाच चिन्हं, मंत्र्यांचा फोटो, संचालकांचा संदेश. कुठल्याही मंत्र्याचा फोटो पाहून आजवर एकाही पोराला बेरीज आलेली नाही. तो फोटो वरिष्ठांना खूश करण्यासाठी असतो आणि त्याचं भाडं मुलाच्या वेळातून वसूल होतं. स्वस्तातल्या जुन्या फोनवर ही सजावट चढायला किती वेळ लागतो, ते एकदा निर्मलच्या बसस्टँडवर उभं राहून बघा. बरं, एकदा दाखवली तर दाखवली. रोज, प्रत्येक वेळी तेच दाखवता. दुसऱ्या दिवशी मूल जिथे थांबलं होतं, तिथेच अ‍ॅप उघडायला काय हरकत आहे?

चित्रांचाही विचार करा. आमच्या निर्मलचे कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडातून पिढ्यान्‌पिढ्या फळं, पाखरं, जनावरं घडवत आलेत. त्यांचा आंबा हा आंबा आहे, हे ओळखायला कुठल्याही पोराला शिकवणी लागत नाही. तुमच्या स्क्रीनवर दातेरी चाक, तीन आडव्या रेघा आणि जपून ठेवायला फ्लॉपी. या पोरांनी फ्लॉपी जन्मात पाहिलेली नाही, त्यांच्या मास्तरांनीही पाहिली असेलच असं नाही. एका फोनवर दोघं-तिघं भावंडं खेळतात, त्यांनाही नाव आणि पासवर्ड विचारू नका. एकानं आंबा निवडावा, दुसरीनं मोर, तिसऱ्यानं बैल. मोर दाबला की ताईचं, बैल दाबला की धाकट्याचं. संपलं.

बनवणाऱ्यांवर माझा फार भरवसा उरलेला नाही. जोवर विकलं जातंय तोवर ते बदलणार नाहीत. म्हणून शिक्षकांना आणि आईबापांना हात जोडून सांगतो. अ‍ॅप विकत घेण्याआधी फोन पोराच्या हातात द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. बोट धरू नका, वाचून दाखवू नका, ‘इथे दाब’ म्हणू नका. मिनिटभरात पोर काहीतरी करू लागलं नाही, तर ते अ‍ॅप काढून टाका, आणि का काढलं ते अ‍ॅपच्या दुकानावर मराठीत लिहा.