टीईटी, पगार आणि वर्ग : आपल्या शाळांतला शिक्षक नाराज का?

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीवरचा निकाल आला आणि वाशिम, मंगरूळपीर, कारंजाच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषयच उरला नाही. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या शिक्षकाने दोन वर्षांत टीईटी पास व्हायचे, नाहीतर नोकरी सोडायची. पाच वर्षांहून कमी सेवा राहिली असेल तर नोकरी टिकेल, पण परीक्षेशिवाय बढती नाही. ज्या अपिलांवर हा निकाल आला त्यात पहिले नाव महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टचे आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठासाठी सोपवला गेला. म्हणजे आपल्या संस्थांमधला शिक्षक अधांतरी आणि जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतला शिक्षक थेट कचाट्यात.

मोहल्ल्यात यावर एकच वाक्य ऐकू येते : "सर, पगार तर भरपूर आहे, एक पेपर द्यायला काय जातं?" प्रश्न चुकीचा नाही. मुलासमोर उभा राहणाऱ्याला विषय यायलाच हवा. पण ज्याला भरती झाली तेव्हाच्या नियमाप्रमाणे घेतले आणि जो वीस वर्षे शिकवतोय, त्याला आज 150 पैकी 90 गुण आण म्हटले तर तो फक्त पेपरला घाबरत नाही. आतापर्यंतचे काम कुणी मोजलेच नाही, हे त्याला जास्त लागते.

बी.एड.ला आम्ही मास्लोची गरजांची पायरी पाठ केली होती. परीक्षा संपली, विसरलो. पण फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची गोष्ट मात्र नोकरीत रोज आठवते. त्याने पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारले, कामावर कधी बरे वाटले आणि कधी वाईट. 1959 मध्ये त्याचे पुस्तक आले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : पगार, नोकरीची हमी, साहेबाची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या नीट असल्या म्हणून तो जीव ओतून काम करतोच असे नाही. त्यासाठी कामातच काहीतरी साधल्याचा आनंद आणि त्याची दखल लागते. नंतर या सिद्धांतावर टीकाही बरीच झाली. आपल्या शाळेला मात्र तो चांगला लागू पडतो, कारण इथे दोन्ही बाजू ढिल्या आहेत.

आधी पगार. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच घंटेवर वर्गात जाणारे चार जण बघा. पहिला पूर्ण वेतनावर. दुसरा शिक्षणसेवक : 2000 साली ही योजना आली, प्राथमिकला मानधन 3000 रुपये होते, पुढे 6000 झाले आणि जानेवारी 2023 पासून 16,000. म्हणजे पहिली तीन वर्षे तेवढ्यावर. तिसरा अंशतः अनुदानित तुकडीवर. 20 टक्के, 40 टक्के असे टप्पे मोजत त्याचे केस पांढरे झाले, त्याच टप्प्यांसाठी जुलै 2025 मध्ये शिक्षक आझाद मैदानावर बसले होते. चौथा विनाअनुदानित, संध्याकाळी ट्यूशन घेतो म्हणून घर चालते. त्यात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेला आणि नंतर लागलेला, अशी पेन्शनची वेगळी फाळणी. मार्च 2023 चा संप त्यावरच झाला. काम सारखे, वर्ग सारखा, आणि हातात पडणारी रक्कम अशी.

आता दुसरी बाजू, म्हणजे काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरे बिगर-शैक्षणिक काम देता येत नाही. पण यू-डायस, आधार पडताळणी, अपार आयडी, पोषण आहाराची रोजची नोंद ही सारी "शैक्षणिक" कामे समजली जातात. त्यात वाशिम 2018 पासून आकांक्षित जिल्हा आहे, शिक्षणाला त्यात 30 टक्के वजन. मोजमाप हवेच. फक्त दोन शिक्षकी शाळेत एकजण मोबाइलवर माहिती भरत बसला की दोन-तीन वर्ग नुसते बसून राहतात, हे कुठल्या रकान्यात भरायचे?

उर्दू माध्यमाचे दुखणे आणखी वेगळे. बिंदुनामावलीप्रमाणे राखीव जागांवर उर्दू माध्यमातून शिकलेले अनुसूचित जाती-जमातीचे उमेदवार फार थोडे मिळतात आणि पदे रिकामी राहतात. आरक्षणाला आमचा विरोध नाही, गैरसमज नको. पण रिकाम्या पदाचा भार शेजारच्या शिक्षकावर आणि नुकसान गरिबाच्या मुलावर पडते. त्यावर शासनाने वेगळा मार्ग काढायला हवा.

सगळे शासनावर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. संविधानाच्या कलम 30 ने आपल्याला आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला. त्या हक्काचे काही ठिकाणी काय झाले, हे सर्वांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. पदासाठी "डोनेशन" घ्यायचे, सही एका रकमेवर आणि हातात दुसरीच, सुट्टी मागितली तर अहसान दाखवायचा. आम्ही स्वतः सुरुवातीची वर्षे अशाच एका शाळेत काढली. तिथे ज्या महिन्यात पगार मिळत नसे त्या महिन्यात आमच्या वह्या तपासायच्या राहत, हे कबूल करायला लाज वाटते. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण जुम्म्याच्या खुतब्यात ऐकून तेच संचालक साहेब बाहेर पडत. मेहनतीची बेइमानी आमचीही झाली, मुलांचा त्यात काय कसूर होता?

आणि उलटही पाहिले. त्याच शाळेत एका मुख्याध्यापकांनी दर शनिवारी प्रत्येक शिक्षकाला विचारायला सुरुवात केली : या आठवड्यात कोणता मुलगा वाचायला शिकला? पगार एक रुपयाही वाढला नव्हता. पण शुक्रवारी संध्याकाळी आम्ही एखाद्या मुलाला जवळ बसवून त्याच्याकडून दोन ओळी वाचून घ्यायचो, कारण उद्या कुणीतरी विचारणार होते.

पालकांना यात करण्यासारखे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे पाऊणपट सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. अम्मी-अब्बू सहीपुरते जातात आणि चहा पिऊन परततात. पुढच्या बैठकीत एवढेच विचारा : किती पदे रिकामी, या महिन्यात शिक्षक किती दिवस दुसऱ्या कामावर होते, टीईटीच्या तयारीसाठी केंद्रावर काही सोय आहे का. संस्थेची शाळा असेल तर आणखी एक प्रश्न जोडा : सरांचा पगार कोणत्या तारखेला होतो? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.